चार रॉड, आठ बोल्ट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका स्नेह्याच्या वर्कशॉपमध्ये, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, जे चार कनेक्टिंग रॉड तेलकट फडक्यावर ओळीने मांडून ठेवले होते, त्यांतील तिसरा वाकलेला आहे हे नुसत्या दृष्टीला उमगण्यासारखे नव्हते. मिस्त्रींनी मात्र हेड उतरविल्याबरोबर त्याचा दाखला मिळविला होता. ब्लॉकच्या माथ्यावर डायल गेज टेकवून त्यांनी एकेक पिस्टन सावकाश त्याच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत आणला. तीन पिस्टन एका पातळीला आले आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन ०.४ मिलिमीटर खालीच थांबला. "साहेब, वाकल्याला रॉड आवाज करत न्हाई," ते म्हणाले, "पुढं तुटला की मग ब्लॉकला भोक पाडूनच भायेर येतोय."

गाडी माझ्या पुतण्याची. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचे वीस व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन, मूळची १५० अश्वशक्ती. तिच्या संगणकात फेरफार करून हवेचा दाब वाढविण्याचा उद्योग एका दुकानात झाला होता. गाडी धावू लागली खरी, परंतु जोर वाढला कोठे आणि तो सोसणार कोण, याचा हिशेब कोणीही मांडला नव्हता. माझी सारी नोकरी फोर्जिंगच्या धंद्यात गेली असल्याने मसलतीसाठी मला बोलावणे आले, आणि पुतण्याने पहिल्याच वाक्यात आपली फर्माईश सांगितली : "काका, चारशे घोडे सोसतील असे रॉड मागवू या."

ह्या प्रश्नातच चूक आहे, आणि ती समजावून सांगण्यात माझी ती दुपार गेली. रॉडला अश्वशक्ती कळत नाही. त्याला कळतात ते दोनच जोर, एक दाबणारा आणि एक ओढणारा. अश्वशक्ती म्हणजे पिळाचा जोर, अर्थात टॉर्क, आणि फेऱ्यांची संख्या यांचा गुणाकार. तेव्हा तीच ४०० अश्वशक्ती ७००० फेऱ्यांवर घ्यावयाची तर सुमारे ४०० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, आणि ४५०० फेऱ्यांवरच हवी असा हट्ट धरला तर ६२० च्या वर जावे लागते. कागदावरचा आकडा एकच असला, तरी दुसऱ्या प्रकारात रॉडच्या पाठीवर दीडपटीहून अधिक ओझे पडते.

त्या ओझ्याचे मान मी त्याला वहीवर काढून दाखविले. या इंजिनाचा बोअर ८१ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये १२० बार दाब झाला असे धरले, तर त्या इवल्याशा चकतीवर सहा टनांहून अधिक भार येतो आणि तो सर्वच्या सर्व, हाताच्या दोन बोटांएवढ्या जाडीच्या दांडीतून, क्रँकपर्यंत उतरतो. मंद फेऱ्यांत हा भार अधिक घातक ठरतो, कारण वेगाने फिरणाऱ्या इंजिनात वर जाणाऱ्या पिस्टनचे जडत्व त्या दाबाला थोडेफार विरोध करून रॉडला हलका करीत असते. तीन हजार फेऱ्यांवर ते साहाय्य फारसे मिळत नाही. पुतण्याची गाडी नेमकी तीन हजारांवर उसळी घेत होती. त्यात नॉकिंगची भर पडली की दाबाचे शिखर हातोड्यासारखे आदळते. तिसरा रॉड वाकला तो असा.

ओढणारा जोर निराळा. एक्झॉस्टच्या अखेरीस पिस्टन वर पोहोचतो तेव्हा त्याला थांबविण्यास वरून वायूचा दाब नसतो. त्याला ओढून परत आणण्याचे काम रॉडलाच करावे लागते. ८६.४ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १४४ मिलिमीटर लांबीचा रॉड असता, ७००० फेऱ्यांवर त्या क्षणी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींवर जाते. पिस्टन, गजन पिन, रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून अवघे ५५० ग्रॅम धरले, तरी ओढ पावणेदोन टनांच्या घरात पोहोचते. फेऱ्या ८००० केल्या की ती सव्वादोन टन होते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा टनांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु दाबाचा भार दांडीवर येतो आणि ओढीचा भार मोठ्या टोकाची टोपी धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांवर, आणि तोही प्रत्येक दुसऱ्या फेरीला. दांडी वाकली तर इंजिन निदान उघडून पाहण्यास शिल्लक राहते. बोल्ट तुटला तर ते भंगारात जाते.

ह्यानंतर निवड पुष्कळशी सोपी झाली. टायटॅनियमचा विचार खर्चापायी सोडला. ॲल्युमिनियमचे रॉड ड्रॅग शर्यतीत धक्के उत्तम सोसतात. परंतु त्यांना थकवा लवकर येतो, म्हणून रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मी ते कदापि घालू देणार नाही. उरले ते ४३४० जातीचे घडीव पोलाद, आमच्याकडचे कारागीर ज्याच्या जवळच्या भावंडाला ईएन चोवीस म्हणतात ते. लाकडाला जशी शीर असते तशी घडीव पोलादालाही असते. तापलेला गोळा साच्यात दाबला जातो तेव्हा ती शीर रॉडच्या आकाराला अनुसरून वळते, आणि पुढची सारी भिस्त तिच्यावरच असते. 'एच' आकाराची दांडी बरी की 'आय' आकाराची, यावर तरुण मंडळी रात्री जागवितात. माझ्या मते चारशे अश्वशक्तीच्या मर्यादेत घडणावळ, बोल्ट आणि मापांचा प्रामाणिकपणा यांपुढे तो वाद गौण आहे. आम्ही 'एच' घेतला. पिन २० मिलिमीटरची. याच कुळातील काही इंजिनांत ती १९ ची येते, म्हणून पिस्टन आणि रॉड एकाच यादीतून मागविण्याची तजवीज केली.

पहिला संच स्वस्तात मिळाला म्हणून पुतण्याने परस्पर मागविला होता. दिसावयास तो आरशासारखा लखलखीत. परंतु बोअर गेजने मोठी टोके तपासली असता चारांपैकी दोन गोल नव्हती, एक तर ०.०१५ मिलिमीटरने लांबट होते. ज्या ठिकाणी तेलाचा सारा थर ०.०५ मिलिमीटरचा, तेथे एवढी तफावत म्हणजे बेअरिंगची मृत्युपत्रिकाच. तो संच परत गेला. दुसरा आला त्याची चारही टोके वर्तुळाकार होती आणि रॉडांची वजने एका ग्रॅमच्या आत जुळली. वरचे टोक आणि खालचे टोक मिस्त्रींनी वेगवेगळे तोलले, कारण एकूण वजन जुळूनही टोकांची वाटणी चुकू शकते.

शेवटचे काम बोल्ट आवळण्याचे. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. तो ठरावीक मापाने ताणला गेला तरच टोपी घट्ट धरतो, आणि टॉर्क पाना हे माप अप्रत्यक्षच सांगतो, कारण पान्याचा बराच जोर आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी आधी वहीत नोंदविली, आट्यांना नेमून दिलेले वंगण लावले, आणि दोन्ही टोकांच्या खळग्यांत गेज बसवून तो ०.१५ मिलिमीटर ताणला जाईपर्यंत आवळला. मग सैल केला, पुन्हा मोजला. सात बोल्ट आपल्या मूळ लांबीवर परत आले. आठवा ०.०३ मिलिमीटर लांब राहिला. मिस्त्रींनी गेज पुसून पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोलण्यापूर्वीच मिस्त्रींनी तो बोल्ट निराळ्या डबीत टाकला, ब्लॉकवर प्लॅस्टिकचा कागद घालून दोरीने बांधला, आणि नव्या बोल्टची मागणी लिहून घेण्यास पुतण्याला वही पुढे केली.