पाऊस परतला तरी व्यापाऱ्याने आकाश पाहावे

ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की कोकणात काही आठवडे मोठे सुखाचे जातात. दुपारी ऊन असते पण भाजत नाही, पहाटे अंगावर चादर लागते. याच दिवसांत आमचे व्यापारी बांधव हवामानाचा अंदाज वाचणे सोडून देतात. पाऊस गेला, आता कसला अंदाज, असा त्यांचा सवाल असतो. आमच्या मते खरा धोका येथेच आहे.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० साली हवामान खात्याने ती ८ ऑक्टोबर केली. पण पाऊस परतला म्हणून समुद्र शांत झाला असे नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' वादळ किनाऱ्यावर न येता ओमानकडे वळले, तरी कोकणात कापलेले भात शेतात भिजले. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' तर थेट आपल्या किनाऱ्यावरच आले.

नुकसान होण्यास वादळच हवे असेही नाही. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलास दोन ढगाळ दिवस पुरतात; माल नीट वाळत नाही, त्यात अळी पडते आणि भाव कोसळतो. वीटभट्टीवाल्याच्या कच्च्या विटा एका सरीत विरघळतात. हापूसच्या बागा घेणाऱ्यांचे गणित आणखी नाजूक. मोहोर फुटण्यास रात्रीचा गारवा लागतो आणि मोहोरावर ढगाळ, दमट हवा आली की तुडतुडे व भुरी वाढते. मग फवारणीचा खर्च बागेच्या सौद्यावर चढतो.

म्हणून अंदाज वाचताना कमाल तापमानाकडे कमी आणि किमान तापमानाकडे अधिक पाहावे. वारा पूर्वेकडून वाहत असेल व आकाश निरभ्र असेल तर रात्री गार होतात. किमान तापमान एकाएकी वाढू लागले, हवेत दमटपणा आला, तर ढग येत आहेत असे समजावे. उघड्यावरचा माल त्याच दिवशी आत घ्यावा.

अंदाजातील शब्दही नीट समजून घ्यावेत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे हलका पाऊस नव्हे. विभागातील फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या खळ्यावर तो पडतो त्याला तो पूर्णच पडतो! शिवाय अंदाज जिल्ह्याचा असतो. गुहागरच्या किनाऱ्यावर ऊन असताना घाटाखाली खेडला गडगडाट होतो, हे आम्ही सांगावयास नको.

हवामान खाते पुढील काही आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी काढते. शेतीचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. आपल्या भागासाठी तो दापोलीच्या कृषी विद्यापीठातून येतो. आमच्यासारख्या साप्ताहिकात छापलेला अंदाज वाचकांच्या हाती पडेपर्यंत शिळा होतो, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. सौद्याची तारीख ठरवताना गुरुवारचा अंदाज पाहावा. माल वाळत घालण्यापूर्वी मात्र त्याच सकाळचा.