लिफ्टमध्ये न मावणारं कपाट

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी बांधल्या. त्यांतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये गिरणी कामगारांच्या आणि पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. आता पुनर्विकास होत असलेल्या चाळींतल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर मिळतं आहे. क्षेत्रफळ, पार्किंग, कॉर्पस निधी, भाडं या सगळ्यांवर वर्षानुवर्षं बैठका झाल्या. खोलीतल्या सामानाचं काय करायचं, हा विषय मात्र अशा कुठल्याही बैठकीच्या अजेंड्यावर नसतो. तो टेम्पो दाराशी लागल्यावर निघतो.

हे फक्त वरळीपुरतं नाही. गिरगाव-दादरच्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारती, मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्या, पुण्यातले कोथरूड-कर्वेनगरचे तीन मजली अपार्टमेंट, सगळीकडे पुनर्विकासाची लाट आहे. पुनर्विकासात घर दोनदा हलतं. आधी भाड्याच्या जागेत, मग काही वर्षांनी नव्या फ्लॅटमध्ये. दोन्ही वेळचं टेम्पोचं भाडं भरून जुना दिवाण सांभाळावा की नाही, हा निर्णय पहिल्याच खेपेला घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात घेतला जातो.

खोलीतच घडलेलं सामान

जुन्या मुंबईतलं बरंचसं फर्निचर दुकानातून आलेलंच नाही. सुतार घरी यायचा, गॅलरीत बैठक मारायचा आणि खोलीच्या मापानं पलंग, फडताळ, मांडणी करून द्यायचा. भिंतीचा कोपरा काटकोनात नसेल तर कपाटही तसंच तिरकं व्हायचं. कॉटखाली विटा लावून ती उंच करायची, खाली ट्रंका सरकवायच्या, वर माळा काढायचा. चाळीच्या खोलीत प्रत्येक वस्तू दोन कामं करत होती.

अशी वस्तू बाहेर काढताना कळतं की ती दारातून आत आलीच नव्हती. मग एकतर ती सुटी करायची, नाहीतर दोरखंड बांधून गॅलरीतून खाली सोडायची. लाकडी जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट हा चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा ठरलेला प्रसंग. हमालही मजल्यांच्या हिशेबानं पैसे सांगतात. नव्या इमारतीत लिफ्ट असते, पण तिची उंची आणि खोली ठरलेली. उंच, अखंड कपाट अनेक लिफ्टमध्ये उभं मावत नाही, आडवं तर नाहीच.

युरोपात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधलं गेलं होतं. मिखाएल थोनेट यांची 1859 सालची चौदा क्रमांकाची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची सुट्या भागांत जायची. एक घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या मावत. त्याच घराण्यातल्या खुर्च्या पुढे मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती बसल्या. एकेक इराणी बंद होत गेला तशा त्या जुन्या बाजारात आल्या, आणि आज 'जुनी मुंबई' विकणारे नवे कॅफे त्याच शैलीच्या खुर्च्या शोधत फिरतात. ज्या वस्तूचे सांधे सुटतात आणि पुन्हा बसतात, तिला दुसरं घर मिळतं.

लाकडाची जात

जुनं फर्निचर घ्यायला येणारा माणूस डिझाइन नंतर बघतो. आधी तो ड्रॉवर बाहेर ओढून त्याची मागची, पॉलिश न केलेली बाजू पाहतो. कारण भाव ठरतो तो लाकडावर. बर्मा टीक, सीपी टीक, वलसाडी साग, शिसवी, असे व्यापारातले कप्पे आहेत. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत नकाशावरून गेला, पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाला लाकडाच्या वखारीत आजही त्याच नावानं हाक मारतात. बर्मा टीकमागे तर अख्खा साम्राज्याचा इतिहास आहे. वॉलेस बंधूंनी 1863 मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा ब्रह्मी दरबाराशी सागाच्या ओंडक्यांवरून तंटा झाला, आणि 1885 सालच्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाला तेच निमित्त ठरलं. आजोबांच्या पलंगाचा साग असाही ब्रह्मी राजधानी मंडालेपर्यंत पोचू शकतो.

साग टिकतो त्यालाही कारण आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं लाकूड आता फारसं आक्रसत किंवा वाकत नाही. म्हणून पुण्यातला वाडा पाडला की त्याचे खांब, तुळया, चौकटी आधी विकल्या जातात. पलंग विकला जाईल की नाही ही शंका असली, तरी त्याच्या फळ्या नक्की विकल्या जातात.

इथे एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी, कला-कारागिरीचा नमुना ठरणारी वस्तू 1972च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. ती देशात विकता येते, पण खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे पणजोबांचं कोरीव काम केलेलं टेबल पाठवण्याआधी हे तपासून घेतलेलं बरं.

लोखंडी कपाटाची गोष्ट वेगळी. गोदरेजनं 1923 मध्ये पोलादी कपाट बाजारात आणलं आणि पुढे मध्यमवर्गीय लग्नात ते आवश्यकच होऊन बसलं. ते गंजलं तरी किलोवर जातं. भंगारात लोखंडाला कायम गिऱ्हाईक असतं.

भुशाची फळी

पेच सुरू होतो तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घेतलेल्या सामानाशी. लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत पुढे आलं. स्वस्त, सपाट, वरून हवा तो सनमायका. घर सजवण्याच्या घाईत ते आपल्याकडेही रुळलं. पण या फळीत स्क्रू एकदाच नीट बसतो. काढून पुन्हा लावला की छिद्र भुसभुशीत होतं. ओल लागली की कडा फुगतात. म्हणजे ती वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जायला बनलेलीच नसते.

पार्टिकल बोर्डचा वॉर्डरोब जुन्या बाजारात कुणी घेत नाही. भंगारवाला त्यातल्या बिजागऱ्या, हँडल आणि चॅनल काढून घेतो, फळ्या तिथेच सोडतो. त्या जाळाव्यात तर त्यांतला डिंक बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसासाठी कर्ककारक ठरवलं. थंडीत वॉचमननं शेकोटीत अशी फळी टाकली, तर तो धूर आधी त्याच्याच छातीत जातो.

बिनकामाच्या लाकडाची एक ठरलेली वाट मुंबईत होती: पावाची भट्टी. मोडलेलं फर्निचर आणि पाडलेल्या इमारतींचं लाकूड बेकऱ्यांना स्वस्तात मिळायचं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणावरच्या याचिकेत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पॉलिश आणि रंग लागलेलं लाकूड पाव भाजायला वापरू नये, हे योग्यच. पण त्यामुळे जुन्या खुर्चीची शेवटची वाट अरुंद होत चालली आहे, आणि तिच्या जागी दुसरी वाट कुणी आखलेली नाही.

गादीचंही तसंच. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. पिंजारी, नदाफ, मन्सुरी समाजातल्या कारागिरांची पोटं त्यावर चालत आली. फोमची गादी पिंजता येत नाही. तिला ढेकणांच्या भीतीनं कुणी फुकटही घेत नाही. मग ती नाल्यात दिसते. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत गाद्या, सोफे, लाकडी सामान निघाल्याच्या बातम्या मुंबईला नव्या नाहीत.

बाजार आणि मोबाइल

मुंबईत जुन्या फर्निचरचे दोन मोठे पत्ते. भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार, आणि जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा मार्केट. ओशिवऱ्याला जुन्या सागाचं पुन्हा पॉलिश होतं, नव्या लाकडाला जुनेपणही आणून देतात, आणि सिनेमा-मालिकांच्या सेटसाठी वस्तू जातात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. या बाजारांचा एक साधा नियम आहे. व्यापारी तुमच्या घरी आला आणि तुम्हाला घाई नाही असं त्याला दिसलं, तर भाव मिळतो. 'परवा जागा खाली करायची आहे' असं म्हटलंत, की उलट उचलण्याचे पैसे तुम्हीच देता.

मोबाइलवरून थेट विक्री हा आता नेहमीचा मार्ग. तिथे भाव बरा मिळतो, धोकाही तितकाच. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत एका मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबीयाला जुना सोफा ऑनलाइन विकताना 34 हजार रुपयांना गंडा घातला गेला. गिऱ्हाईक म्हणून आलेल्यानं 'पैसे पाठवतो' म्हणून क्यूआर कोड पाठवला, आणि तो स्कॅन केल्यावर पैसे आले नाहीत, उलट खात्यातून गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे वाक्य पाठ करून द्यावं, कारण जुनं फर्निचर विकायला काढणारे बरेचदा तेच असतात.

देणगीचा विचार चांगला, पण वृद्धाश्रम किंवा वसतिगृह म्हणजे अडगळीची खोली नव्हे. आधी फोटो पाठवावा, माप कळवावं, नेण्याचा खर्च आपण उचलावा. ज्या खुर्चीवर आपण पाहुण्याला बसवणार नाही, ती दुसऱ्याला दान म्हणून देऊ नये.

जिन्यातलं ओझं

विकलं गेलं नाही, दिलं गेलं नाही, ते सामान मधल्या काळात कुठे असतं? गच्चीवर, जिन्याखाली, पॅसेजमध्ये. एखाद्या सोसायटीत एका महिन्यात दहा घरं हलत असतील तर जिना सोफ्यांनी भरतो. आगीच्या वेळी सुटकेची वाट हीच असते. महाराष्ट्राचा 2006 सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा सुरक्षिततेच्या उपायांची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. पुनर्विकासाच्या गडबडीत त्याची आठवण कुणाला होत नाही.

रात्री गुपचूप रस्त्याच्या कडेला सोफा ठेवून येणं हा त्यापुढचा टप्पा. 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत किंवा नाल्यात टाकायला आणि जाळायला स्पष्ट मनाई केली. तरीही तो सोफा तिथे राहतो, कारण रोजच्या घंटागाडीत तो मावत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या बाईनं तो उचलावा ही अपेक्षाच अमानुष आहे.

पुण्यात यावर काही काम झालं आहे. 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था यांनी नागरिकांकडच्या नको असलेल्या मोठ्या वस्तू ठरलेल्या दिवशी गोळा करण्याचे उपक्रम चालवले. वस्तू तपासल्या जातात, वापरण्याजोग्या वेगळ्या निघतात, बाकीच्यांचे भाग सुटे होतात. ज्यांना कचऱ्याची पारख आहे, त्यांच्या हाती हे काम दिलं की त्यातून मोल निघतं.

आता काय करायचं

घर हलवायला किमान दोन महिने असतानाच घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची लिहून काढा आणि नव्या घराच्या दाराशी, लिफ्टशी ताडून पाहा. सागाचं आणि शिसवीचं आधी विकायला काढा, दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, घाई सांगू नका. लोखंड भंगारवाल्याला द्या, पण वजन समोर करून घ्या. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे न्या. पार्टिकल बोर्डचं सामान सुटं करायला सुताराला बोलवा, बिजागऱ्या वेगळ्या करा, आणि फळ्यांसाठी वॉर्ड ऑफिसला आधीच विचारा. आई-वडिलांच्या वस्तूंचा निर्णय त्यांच्यासमोर करा. त्यांच्या माघारी विकलेला पलंग पुढची दहा वर्षं घरात बोलला जातो.

सोसायट्यांनी एवढं करावं. विकासकाशी करार करताना सामानाच्या विल्हेवाटीचं एक कलम घालून घ्यावं: जागा रिकामी करण्याआधीचे ठरावीक दिवस, आवारात एक तात्पुरती जागा, आणि ते सामान उचलणाऱ्या कामगारांची मजुरी. पुनर्विकासाच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. महापालिकांनी वॉर्डनिहाय महिन्यातला एक दिवस मोठ्या सामानासाठी जाहीर करावा आणि ते काम कचरावेचकांच्या संस्थांना पैसे देऊन द्यावं.

आणि नव्या घरासाठी या दिवाळीत काही घेत असाल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: हे सुटं होतं का, आणि सुटं करून पुन्हा जोडता येतं का? उत्तर 'नाही' असेल, तर ती वस्तू टाकण्याचा खर्चही तिच्या किमतीत धरा आणि मगच ठरवा.