रेसिंग ड्रायव्हरला शिकवणी कशाला?

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दोन दिशांना फुटतो : एक हिंगोली-अकोल्याकडे, दुसरा यवतमाळ-नागपूरकडे. खिचडीसाठी थांबलेल्या पोरांमध्ये कोणी किती मिनिटांत गाडी आणली, याच्या बढाया चालतात. रुंद रस्ता आणि दमदार इंजिन हाताशी आल्यापासून ‘रेसिंग काय, आपणही करू’ ही समजूत बळावली आहे. तिच्या पोटातले काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : वेग हा काळजाचा खेळ; तो शिकवून येत नाही.

वस्तुस्थिती : नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याचे वडील स्वतः रॅलीत गाजलेले. तरीही 1992 मध्ये तो फ्रान्सच्या एल्फ विनफिल्ड रेसिंग शाळेत शिकायला गेला. पुण्याच्या शिक्षिका डायना पुंडोले 2018 मध्ये महिलांसाठीच्या प्रशिक्षण उपक्रमातून या खेळात आल्या आणि 2024 मध्ये सलून कार गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावून बसल्या. धाडस लागतंच, पण ते कुठे खर्चायचं, हे शिकावं लागतं.

गैरसमज : जो जास्त रेस देतो, तो पुढे जातो.

वस्तुस्थिती : सरळ पट्ट्यावर सगळेच ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात. खरा फरक वळणाच्या तोंडाशी पडतो. रेसच्या गाडीत वेग, ब्रेकचा दाब, ॲक्सिलरेटर आणि स्टेअरिंगचा कोन यांची नोंद होते. कोच स्वतःच्या फेरीचा आलेख शिकाऊच्या आलेखावर ठेवतो आणि एका जागी बोट टेकवतो : इथे पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाय, पण ब्रेकवर अजून गेलेला नाही. ताशी 120 किलोमीटरला असा अर्धा सेकंद म्हणजे जवळपास 17 मीटर फुकट गेले. चालवणाऱ्याला मात्र आपण जिवाच्या आकांताने गाडी हाणतोय असंच वाटत असतं.

गैरसमज : कोच म्हणजे कानाशी ‘अजून जोरात’ ओरडणारा माणूस.

वस्तुस्थिती : एकाच आसनाच्या फॉर्म्युला गाडीत त्याला बसायला जागाच नसते. तो आधी ट्रॅक पायी फिरवतो. ब्रेक कुठे धरायचा, वळणाच्या आतल्या कडेला कुठे टेकायचं, रस्त्याचा उतार कुठे बदलतो, हे दाखवतो. पुष्कळदा त्याचा सल्ला उलटाच असतो : वळणात थोडं हळू शीर, म्हणजे ॲक्सिलरेटर लवकर देता येईल आणि पुढचा पूर्ण पट्टा तुझा. नजर बॉनेटवर खिळलेली असेल तर तो आधी ती उचलायला लावतो. कारण हात नजरेच्या मागे जातात.

गैरसमज : नाव झालं की कोच सुटतो.

वस्तुस्थिती : न्यूझीलंडचे रॉब विल्सन यांच्याकडे किमी रायकोनेन, डेव्हिड कुल्थार्ड यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर शिकायला जात. तेही इंग्लंडमधल्या एका जुन्या धावपट्टीवर, साध्या घरगुती गाडीत! गाडीचं वजन एका चाकावरून दुसऱ्यावर किती अलगद सरकवता येतं, हे तिथे घोटून घेतलं जाई. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, स्टेअरिंग फिरवलं की बाहेरच्या चाकांवर जातं. हे झटक्याने केलं तर टायरची पकड सुटते. सवयीने अंगवळणी पडलेली चूक स्वतःला दिसत नाही. मग नाव केवढंही मोठं असो.

गैरसमज : हे मुंबई-चेन्नईवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : खर्च मोठा आहे, हे खरंच. पण कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमी उभी राहिली, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत शर्यती खेळला. सुरुवात बहुधा छोट्या कार्टवरून होते.

गैरसमज : ट्रॅकवर शिकलं की हायवे आपलाच.

वस्तुस्थिती : ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. धोक्याला पिवळा झेंडा, शर्यत थांबवायची तर लाल. वळणाबाहेर मोकळी जागा आणि हाकेच्या अंतरावर रुग्णवाहिका असते. हिंगोली रोडला हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर उलट बाजूने आला, तर झेंडा दाखवायला कोणी नसतं. शिवाय वेग 60 वरून 120 झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतं. हे गणित ट्रॅकवर अंगात मुरलेला ड्रायव्हर हायवेवर लांबवर नजर ठेवतो, पुढच्या गाडीपासून अंतर राखतो आणि वेगाची हौस ट्रॅकसाठी राखून ठेवतो.