वऱ्हाड ते नारा : विद्यार्थी आदान-प्रदान सप्ताह आणि आपला वारसा

अलीकडे आपल्या समाजातील विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या तोंडी 'एक्स्चेंज प्रोग्रॅम' हा शब्द वारंवार ऐकू येतो. एखाद्या शाळेतील मुले आठ-दहा दिवस परदेशी जातात, तेथील वर्गात बसतात, तेथील कुटुंबात राहतात, विहारे-संग्रहालये पाहतात आणि परत येतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या सप्ताहात नेमके काय चालते, खर्च कोण करतो, निवड कशी होते, आणि मुख्य म्हणजे अमरावती-अकोल्याच्या मुलाने तेथे जाताना सोबत काय न्यावे, याबाबत पालकांमध्ये बराच गोंधळ दिसून येतो. सोबत न्यावयाचे म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे, तीही न्यावी. आम्ही बोलतो आहोत ते माहितीच्या शिदोरीविषयी.

सदर लेखात आम्ही जपानचे उदाहरण घेतले आहे. एक तर शालेय मुलांना सरकारी खर्चाने बोलावण्याच्या त्या देशाच्या योजना चांगल्या रुळलेल्या आहेत. दुसरे असे की, तेथे मुलांना जो वारसा दाखविला जातो, त्याचे एक मूळ थेट आपल्या वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचते. हे मूळ आपल्याच मुलांना माहीत नसते, ही आमची तक्रार आहे.

प्रथम योजनांविषयी थोडक्यात. जानेवारी २००७ मध्ये पूर्व आशिया शिखर परिषदेत जपानने जाहीर केले की, पाच वर्षे दरवर्षी सुमारे सहा हजार तरुणांना आपल्या देशात बोलावू. त्यातून 'जेनेसिस' हा उपक्रम उभा राहिला आणि त्यात भारतही आहे. २०१४ साली जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने 'साकुरा' नावाचा उपक्रम सुरू केला. भारतातील शालेय विद्यार्थी त्यात २०१६ पासून जात आहेत. साकुराचा भर विज्ञानावर असला तरी संस्कृतिदर्शन त्यातही असतेच. दोन्हींमध्ये विमानाचे भाडे, राहणे-जेवणे व तेथील प्रवास हा खर्च बोलावणारा करतो. निवड शाळा, शिक्षण खाते व मंत्रालय यांच्यामार्फत होते. त्यामुळे 'अमुक रक्कम भरा, तुमच्या मुलाची निवड पक्की' असे कोणी सांगू लागला तर तो सरकारी योजनेचा माणूस नव्हे, हे पालकांनी पक्के समजावे. खाजगी कंपन्याही शुल्क घेऊन मुलांना परदेशी नेतात. त्यात गैर काही नाही, पण ती सहल आहे. बँकेत बसत असल्यामुळे आम्हाला हे जवळून दिसते: मुदत ठेव मोडावयास आलेल्या पालकाला पुष्कळदा हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

आता सप्ताहाचा क्रम पाहू. पहिल्या दिवशी बहुधा तोक्योला सर्वांना एकत्र बसवून देशाची ओळख करून देतात. मग गट पाडून एकेक गट वेगवेगळ्या प्रांतांत पाठवतात. तेथे एखादी शाळा, एखादा कारखाना, एखादे प्राचीन स्थळ, आणि एक-दोन रात्री स्थानिक कुटुंबात मुक्काम. शेवटी सर्व गट परत येऊन आपण काय पाहिले व मायदेशी गेल्यावर काय करणार, हे मांडतात. शाळेत गेल्यावर आपल्या मुलांचे पहिले लक्ष जाते ते झाडूकडे. तेथे मुलेच आपला वर्ग झाडतात-पुसतात. बाहेरच्या चपला-बूट दाराशी काढून आतले वेगळे जोडे घालतात. दुपारचे जेवणही मुलेच पाळीपाळीने वाढतात. झाडू हाती घेणे म्हणजे कोणा एका जातीचे काम, ही कल्पना ज्या देशातून ही मुले जातात, त्यांच्यासाठी हा एक तास संग्रहालयातील चार तासांहून मोलाचा ठरावा.

जपानी शाळांत 'शूगाकु-र्योको' नावाची प्रथा आहे. हीदेखील शाळेची सहलच, पण ती अभ्यासक्रमाचा भाग मानली जाते आणि तिची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. मुले अनेक दिवस आधी वाचन करतात, गट करून काय पाहायचे ते ठरवतात, परतल्यावर अहवाल लिहितात. क्योतो आणि नारा ही या सहलीची ठरलेली ठिकाणे. म्हणजे आपल्या मुलाला नारा दाखविणारा जपानी मुलगा पुष्कळदा स्वतः ते अभ्यासून आलेला असतो. आणि आपली शाळेची सहल? चिखलदऱ्याला जाऊन पॉइंटवर फोटो काढायचे, शेगावला उतरून प्रसाद घ्यायचा आणि गाडीत भेंड्या लावायच्या. आनंद आहे, नाही असे नाही.

नाऱ्यात तोदाइजी नावाचे प्रचंड विहार आहे. तेथील भगवान बुद्धांच्या महाकाय कांस्यमूर्तीचा नेत्रोन्मीलन समारंभ इ.स. ७५२ मध्ये झाला. मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान मिळाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूला. तो ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. ज्या कुंचल्याने त्याने डोळे उघडले तो कुंचला तेथील शोसोइन भांडारात आजही जपून ठेवलेला आहे. स्मशानात गेले तर थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या दिसतात, त्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'स्तूप'. त्या फळ्यांवर सिद्धम् नावाच्या भारतीय लिपीतील अक्षरे काढलेली असतात. जपानी मुलांची अक्षरमाला अ, क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जाते. ती संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून लावलेली आहे. आपल्या पहिलीच्या मुलाला हा क्रम ओळखीचा वाटेल.

पण नाऱ्याजवळचे होर्युजी विहार हे आमच्या मते या सर्वांत महत्त्वाचे. सातव्या शतकात स्थापन झालेल्या या विहारातील सुवर्णसभागृह व पॅगोडा जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत मोडतात. सभागृहाच्या भिंतींवर बुद्ध व बोधिसत्त्वांची बारा मोठी चित्रे होती आणि त्यांची तुलना अभ्यासक नेहमी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीशी करत आले. तीच झुकलेली मान, तेच अर्धोन्मीलित डोळे. मधे चीन व मध्य आशियाचा हजारो मैलांचा प्रवास आहे, पण हात ओळखू येतो. १९४० मध्ये या चित्रांच्या हुबेहूब नकला करण्याचे काम सुरू झाले. हे काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे आग लागली आणि ती बाराही चित्रे होरपळून गेली. वरच्या बाजूची उडत्या अप्सरांची लहान चित्रे आधीच काढून ठेवली होती म्हणून वाचली. त्या धक्क्यातून दुसऱ्याच वर्षी, १९५० साली, जपानने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तेथे वारशाचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळतात; विहारा-विहारांतून पाण्याचे फवारे मारून सराव होतो. आपण त्या दिवशी झेंडावंदनाला असतो.

अजिंठ्याचीही अशीच कथा आहे. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून तेथील चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून अनेक वर्षे खपून नव्या नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ च्या आगीत लंडनमध्येच गेल्या. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून आलेला जपानी चित्रकार अराई कांपो याने आपल्या सहकाऱ्यांसोबत अजिंठ्यात बसून नकला केल्या व त्या तोक्योला नेल्या; १९२३ च्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. हाच कांपो उतारवयात होर्युजीच्या भिंतींपुढे नकला करीत बसला होता. १९४५ साली तो वारला, म्हणून ती आग त्याला पाहावी लागली नाही. विद्यार्थी आदान-प्रदान म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता वऱ्हाडाकडे वळू. अजिंठ्याची उत्तम चित्रे ज्या लेण्यांत आहेत, ती पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या ताम्रपटातून ही शाखा प्रकाशात आली आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून १९६३ साली ग्रंथरूपाने छापले. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्खुसंघाला दान दिले, असे तेथील शिलालेखच सांगतो. म्हणजे होर्युजीच्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या आपल्या मुलाला यजमानाने विचारले की, 'तुझे गाव कोणते?', तर त्याला मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र 'अमरावती' म्हटल्यावर तेथील जाणकार माणूस आंध्रातील अमरावतीचा स्तूप समजण्याची शक्यता आहे. तो खुलासा आधीच करावा.

परंतु प्रत्यक्षात काय होते? आपल्याकडील मुले सादरीकरणासाठी ताजमहालाचा तक्ता, मेंदीचे कोन आणि एखाद्या सिनेमाच्या गाण्यावरचा नाच घेऊन जातात. ताजमहाल सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याचे चित्र त्यांच्याही पुस्तकात असते. वाशीमचे नाव मात्र आपले मूल सांगेल तरच तेथे कोणाला कळेल.

आपल्या बौद्ध विद्यार्थ्यांना तेथे काही गोष्टी चमकावून सोडतील, त्याची कल्पना पालकांनी द्यावी. तेथील भिक्खू बहुधा विवाहित व संसारी असतात. विहाराशेजारीच शिंतो देवस्थान असते आणि एकच कुटुंब दोन्हीकडे जाते. सरस्वती तेथे 'बेन्झाइतेन' होऊन बसलेली आहे. त्रिसरण-पंचशील पालीत म्हणणाऱ्या मुलाला चिनी वळणाचे सूत्रपठण ऐकून हा कोणता धम्म, असा प्रश्न पडेल. पडू द्यावा आणि यजमानांना नम्रपणे विचारू द्यावा. बाविस प्रतिज्ञांच्या पाठीमागे कोणता इतिहास आहे, हे त्याला सांगता आले तर यजमानही त्याला उलट प्रश्न विचारतील. वाकायामा प्रांतातील कोयासान हे कूकाई या आचार्याने ८१६ साली स्थापलेले क्षेत्र आहे. तेथील विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्यांचा गट त्या बाजूला जाईल, त्यांनी तेथे अवश्य थांबावे.

जाण्यापूर्वीची तयारी येथेच करता येते, आणि जे जाणार नाहीत त्यांनाही ती करता येते. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्यावर पातूर लागते. गावालगतच्या टेकडीत कोरलेली लेणी आहेत. आमच्या ओळखीचे कित्येक लोक वर्षानुवर्षे त्या रस्त्याने बसने गेले, पण उतरले नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप सापडला. ते स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आले. होर्युजीच्या आगीनंतर दुसऱ्याच वर्षी कायदा झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना भोनचे नाव आम्ही त्याच दमात घेतो.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. पहिल्या लेण्यात उजेड मंद ठेवलेला असतो. डोळे स्थिरावेपर्यंत थांबल्याशिवाय पद्मपाणी दिसत नाही. तेथून सोळाव्या लेण्याकडे जावे. वराहदेवाचा लेख व्हरांड्याबाहेर डाव्या टोकाच्या भिंतीवर आहे, आतमध्ये नाही. झिजलेल्या ब्राह्मी अक्षरांत विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची राजावळ तेथे कोरलेली आहे, आणि गर्दी सरळ दारातून आत जाते म्हणून त्या भिंतीपुढे उभे राहावयास जागा भरपूर असते.