ठेकेदार की पगारदार? खर्चाची वजावट कोणाला, किती?

रेडी हे गाव वेंगुर्ले तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो. खाण आणि बंदर यांच्या भरवशावर येथील अनेकांची रोजी चालली. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाली, त्यानंतर पेडण्याकडे काम शोधणाऱ्यांना आणखी एक वाट मिळाली. रंगारी, सुतार, वायरमन, पडदे-गाद्या शिवणारे आमचे कारागीर बांधव तेथे बहुधा एखाद्या एजन्सीमार्फत किंवा मुकादमामार्फत जातात. हत्यारे स्वतःची, पेट्रोल स्वतःचे. मग हा खर्च करातून वजा होतो का, असा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: कागदावर आपण कोण आहोत?

पगारदार असाल तर

एजन्सीने आपल्याला नोकर म्हणून दाखवले असेल तर खर्चाची बिले जोडून वजावट मागता येत नाही. पूर्वी वाहतूक भत्त्याची वर्षाला 19,200 रुपयांची आणि औषधोपचाराच्या परताव्याची 15,000 रुपयांची सूट होती. 2018 च्या अर्थसंकल्पाने त्या काढून त्यांच्या जागी 40,000 रुपयांची सरसकट प्रमाणित वजावट आणली. 2019 मध्ये ती 50,000 झाली आणि 2024-25 पासून नव्या करपद्धतीत 75,000 आहे. खर्च झाला नाही तरी ती मिळते, पण दीड लाख खर्च झाला तरी तितकीच मिळते. कामानिमित्त फिरण्यासाठी मालकाने वेगळा भत्ता दिला व तो खरोखर त्याच कामी खर्च झाला, तर त्यावर सूट आहे. घरापासून कामापर्यंतची रोजची ये-जा त्यात येत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये कंत्राटी कामगारांना नोकर म्हणून दाखवून पगार देणाऱ्या ‘अंब्रेला कंपन्या’ आहेत. त्यांच्यामार्फत दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांची घर ते कामाच्या जागेपर्यंतच्या प्रवासखर्चावरील करसवलत एप्रिल 2016 पासून बंद झाली.

ठेकेदार असाल तर

एजन्सी ठेक्याचे पैसे देत असेल तर ती बिलातून टीडीएस कापते. व्यक्तीला 1 टक्का, कंपनी वा भागीदारीला 2 टक्के. एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कपात होते. पॅन दिला नसेल तर हीच कपात 20 टक्के होते. मजूर पुरवण्याचे कामही यातच मोडते.

येथे खर्च दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वह्या ठेवून प्रत्येक खर्च वजा करणे. मात्र एका दिवशी एका माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. 2017 पूर्वी ही मर्यादा 20,000 होती. गाडीभाड्यासाठी ती 35,000 आहे.

दुसरा मार्ग अंदाजित नफ्याचा. 1994 मध्ये तो फक्त बांधकामाच्या ठेकेदारांसाठी, 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत आला. आज बहुतेक सर्व धंद्यांना 2 कोटींपर्यंत लागू आहे, आणि रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा दाखवायचा. बाकीचा सर्व खर्च त्यातच झाला असे धरले जाते, वेगळी वजावट नाही. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. केवळ कमिशनवर काम करणाऱ्या मुकादमाला हा मार्ग नाही. एकदा हा मार्ग धरून पुढील पाच वर्षांत सोडला, तर त्यानंतर पाच वर्षे परतता येत नाही.

जुन्या कायद्यात हे कलम 44 एडी होते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा आयकर कायदा लागू असून त्यात ही तरतूद कलम 58 मध्ये आहे.

शिलाईचे काम करणाऱ्यांसाठी

आमच्या कापडधंद्यात हा फरक नेहमी येतो. हॉटेलने स्वतःचे कापड देऊन पडदे शिवून घेतले तर ते ठेक्याचे काम, त्यावर टीडीएस. आपण बाजारातून कापड आणून तयार पडदे दिले तर ती विक्री, तेथे ठेक्याचा टीडीएस नाही. ठेक्याच्या कामात अस्तर, कड्या असा गिऱ्हाइकाकडचा माल बिलात घ्यावा लागला तर त्याची किंमत वेगळी लिहावी, म्हणजे कपात फक्त मजुरीवर होते.

खरे नुकसान कोठे आहे?

2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे आमच्या बहुतेक बांधवांना करच नाही. तरीही पैसा जातो. समजा, एका रंगाऱ्याला वर्षात 9 लाखांची बिले बँकेतून मिळाली. 9,000 रुपये टीडीएस गेला. रंग, मजुरी, भाडे जाऊन नफा उरला साडेतीन लाख. कर शून्य, म्हणून पूर्ण 9,000 परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरलेच नाही तर त्या रकमेवर पाणी सोडावे लागते. शिवाय बँक कर्जासाठी पूर्वीची रिटर्ने मागते, तेव्हा हात रिकामे.

दुसरे नुकसान त्याहून मोठे. काही ठिकाणी तोंडाने ‘तुम्ही आमचे नोकर’ म्हणतात आणि कागदावर ठेकेदार दाखवतात. मग भविष्य निर्वाह निधी नाही, आणि ठेकेदाराला मिळणारी खर्चाची वजावट आपल्याला ठाऊकच नाही. दोन्हीकडून तोटा.

म्हणून प्रत्येकाने आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता पाहावा. फॉर्म 26 एएस म्हणून तो अनेकांच्या परिचयाचा आहे. कपात पगाराखाली आहे की ठेक्याखाली, हे तेथे कळते. पगाराच्या बोलीवर गेलो असू आणि तक्त्यात ठेका दिसत असेल, तर एजन्सीकडे लेखी विचारणा करावी. ठेक्यावरच काम असेल तर दर बिलाची प्रत ठेवावी, पैसे बँकेतूनच घ्यावेत, आणि नफा-तोटा कितीही असो, रिटर्न वेळेवर भरावे. घामाची कमाई एवढ्या कागदांअभावी सोडून देणे आम्हा व्यापारी-कारागिरांना परवडणारे नाही.