विश्लेषण : धूमकेतूची चमक कोण मोजते? बायनॉक्युलर घेऊन गच्चीवर बसलेल्या हौशी निरीक्षकांचे काम काय?

सूर्याजवळ पोहोचण्याआधीच विखरून जाईल, असे ज्याच्याबद्दल जुलैमध्ये सांगितले गेले, तो त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दसऱ्याच्या दिवशी, 12 ऑक्टोबर 2024 रोजी, पृथ्वीपासून सुमारे 7 कोटी किलोमीटरवरून गेला. त्यानंतर काही दिवस तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. त्याच सुमारास कोजागरी होती, म्हणजे चंद्राचा उजेड भरपूर. शिवाय धूमकेतू रोज थोडा थोडा मंद होत होता. तेव्हा तो पाहण्याचे तेच दिवस होते. धूमकेतूंची चमक मोजण्याचे काम मात्र केवळ मोठ्या वेधशाळा करत नाहीत. त्यात जगभरातल्या हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा आहे.

हा धूमकेतू कोणता?

त्याचे अधिकृत नाव सी/2023 ए3. चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने जानेवारी 2023 मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बिणीने फेब्रुवारीत तो स्वतंत्रपणे टिपला. ‘त्सुचिनशान’ हे त्या चिनी वेधशाळेचेच नाव. 27 सप्टेंबर 2024 रोजी तो सूर्यापासून सुमारे 5.9 कोटी किलोमीटरवर होता. त्या सुमारास तो भारतातून पहाटे पूर्वेला दिसत होता. तो सुमारे 80 हजार वर्षांनी परतेल असे सांगितले जाते, पण त्याची कक्षा पाहता तो सूर्यमालेबाहेर कायमचा निघून जाण्याचीही शक्यता आहे.

भाकीत का चुकले?

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा गोळा. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची थेट वाफ होते, धूळ बाहेर पडते आणि त्यातून डोके व शेपूट तयार होते. किती बर्फ उघडा पडेल, गोळा टिकेल की फुटेल, हे आधी नेमके सांगता येत नाही. या धूमकेतूचे उजळणे मध्येच थंडावले होते. ते आणि इतर काही लक्षणे पाहून धूमकेतूंचे ज्येष्ठ अभ्यासक झ्देनेक सेकानिना यांनी तो विखरण्याच्या मार्गावर असल्याचे मत मांडले. धूमकेतू मात्र टिकला.

9 ऑक्टोबरच्या सुमारास तो जवळपास सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये आला, तेव्हा त्याची चमक शुक्राच्या तोडीची झाली. गाडीच्या काचेवरची धूळ एरवी जाणवत नाही, पण समोरून ऊन आले की लखलखते, तसाच हा प्रकार. सूर्याच्या अगदी जवळ असल्याने ती चमक डोळ्यांना दिसली नाही, ‘सोहो’ यानाच्या कॅमेऱ्याला दिसली.

चमक मोजतात कशी?

ताऱ्यांची चमक ‘प्रती’त मोजतात. आकडा लहान, तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे चमकेत सुमारे अडीच पट फरक. तारा टिंबासारखा दिसतो आणि धूमकेतू कापसाच्या बोळ्यासारखा पसरट, म्हणून दोघांची थेट तुलना फसवी ठरते. त्यावर हौशी निरीक्षकांची जुनी युक्ती आहे. आधी बायनॉक्युलरमधून धूमकेतूच्या डोक्याचा आकार आणि उजेड नीट लक्षात ठेवायचा. मग ओळखीच्या ताऱ्याकडे वळून फोकस बिघडवायचा, तो तारा तेवढाच पसरेपर्यंत. आता दोघांचा उजेड ताडून पाहायचा.

स्वाती तारा साधारण शून्य प्रतीचा आणि ध्रुव दोन प्रतीचा आहे. धूमकेतू दोघांच्या बरोबर मधला वाटला, तर त्याची प्रत एक. क्षितिजाजवळच्या जाड हवेत प्रकाश शोषला जातो, त्यामुळे तुलनेचा तारा शक्यतो धूमकेतूइतक्याच उंचीवरचा हवा. मुंबई-पुण्यातून ध्रुव 18-19 अंशांवर दिसतो आणि ऑक्टोबर 2024 च्या मध्यावर अंधार पडताना धूमकेतूही साधारण त्याच उंचीवर होता. आयता मापदंडच!

दुर्बिणीपेक्षा बायनॉक्युलर बरा?

लांब शेपटीच्या धूमकेतूसाठी होय. 10×50 बायनॉक्युलर म्हणजे दहा पट मोठे दाखवणारा, 50 मिलिमीटर भिंगांचा. त्यातून आकाशाचा सुमारे सहा अंशांचा तुकडा एकदम दिसतो. बहुतेक दुर्बिणींत एखादा अंशच मावतो. डोक्याचा तपशील पाहायला दुर्बीण चांगली, पण शेपूट तिच्यात मावत नाही. हात हलत असेल तर कोपर कठड्यावर टेकवावेत.

कुठे आणि कधी दिसत होता?

त्या दिवसांत सूर्यास्तानंतर साधारण 45 मिनिटांनी पश्चिमेला तोंड करावे लागे. डावीकडे खाली ठळक शुक्र होता, उजवीकडे खाली स्वाती. दोघांच्या मधोमध, जरा वर धूमकेतू होता. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, त्यामुळे क्षितिजापासून दोन मुठी वर बघावे लागे. शेपटी वरच्या दिशेला असते. ती अंधुक वाटली तर नजर किंचित बाजूला ठेवावी, डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त जाणवतो. सूर्य पूर्ण मावळण्याआधी बायनॉक्युलर किंवा दुर्बीण पश्चिमेकडे मुळीच वळवू नये, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

20 ऑक्टोबर 2024 पासून चंद्र उशिरा उगवू लागला आणि संध्याकाळी पुन्हा अंधार मिळू लागला. धूमकेतू तोवर मंद झाला होता, पण आकाशात अधिक वर होता. त्यावेळी शहराबाहेर बायनॉक्युलर घेऊन गेलेले बरे होते.

या नोंदींचा उपयोग काय?

धूमकेतू सूर्याजवळ असताना क्षितिजालगत दिसतो. अनेक मोठ्या दुर्बिणी तितक्या खाली वळवता येत नाहीत आणि त्यांच्या रात्रीही आधीच वाटून दिलेल्या असतात. एका देशावर ढग असले तरी दुसऱ्या देशातला निरीक्षक नोंद करतो, त्यामुळे साखळी तुटत नाही. अशा नोंदी स्लोव्हेनियातील चर्नी व्रह वेधशाळेच्या ‘कॉब्स’ या माहितीसाठ्यात जमा होतात. त्यातून चमकेचा आलेख तयार होतो. धूमकेतू अचानक उजळला किंवा फुटू लागला, तर ते या आलेखात दिसते. डोळ्यांनी केलेल्या नोंदी असल्याने कॅमेरे नसलेल्या काळातील धूमकेतूंशीही तुलना करता येते.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. पहिली नोंद करायला तारीख, वेळ, ठिकाण, वापरलेले साधन, तुलनेचे तारे आणि प्रतीचा अंदाज एवढे पुरे. अंदाज अर्ध्या प्रतीने चुकला तरी हरकत नाही. 2024 च्या कोजागरीला दूध आटेपर्यंत गच्चीवर थांबलेल्यांना अंधार पडताना पश्चिमेकडे धूमकेतू पाहण्याची संधी होती.