मज्जा कोणती आणि कोठे?

वाटूरसारख्या गावातील शाळेत दहावीच्या वर्गाला एक प्रश्न विचारून पाहा : अस्थिमज्जा शरीरात कोठे असते? काही मुले तरी पाठीच्या कण्याकडे बोट दाखवतील. दोष मुलांचा नाही, शब्दाचा आहे. मेंदू आणि चेतातंतूंच्या यंत्रणेला आपण मज्जासंस्था म्हणत आलो, आणि कण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मेरुरज्जूला मज्जारज्जू. अस्थिमज्जेचा या दोहोंशी काही संबंध नाही. हा घोटाळा परीक्षेतील एका गुणापुरता असता, तर सोडून देता आला असता. पण तो एखाद्या रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. कसा, ते पाहू या.

मटणाच्या नळीतला मऊ गर अनेकांनी पाहिलेला असतो. तीच अस्थिमज्जा. प्रौढ माणसाच्या शरीरात ती सुमारे अडीच किलो भरते. तिचे दोन प्रकार आहेत. पिवळी मज्जा मुख्यतः चरबीची असते, तर तांबडी मज्जा रक्तपेशी तयार करते. नवजात बालकाच्या जवळजवळ सर्व हाडांत तांबडी मज्जा असते. वय वाढते तशी हातापायांच्या लांब हाडांत तिची जागा पिवळी मज्जा घेते. मोठेपणी तांबडी मज्जा मुख्यतः कमरेचे हाड, उरोस्थी, बरगड्या, कवटी आणि मणके यांत उरते. मणक्याच्या हाडातली मज्जा वेगळी आणि मणक्यांमधून जाणारा मेरुरज्जू वेगळा, हे येथे फळ्यावर आकृती काढूनच दाखवावे.

आयुर्वेदातील सप्तधातूंच्या क्रमात रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. मज्जेतच रक्तपेशी तयार होतात हे १८६८ साली जर्मनीतील अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीतील ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की मज्जेतील थोड्याशा मूलपेशींपासून सर्व रक्तपेशी बनतात : प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका ८ ते १० दिवस. म्हणून भरपाई अखंड चालू ठेवावी लागते. प्रौढ शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. दिवसाला किती, हा गुणाकार मुलांना करू द्या. उत्तर १७ हजार कोटींच्या पुढे जाईल.

हा कारखाना बिघडला तर? मज्जा सुकून गेली तर अप्लास्टिक ॲनिमिया होतो. तिच्यात सदोष पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ झाली की रक्ताचा कर्करोग होतो. थॅलेसेमिया आणि विदर्भात बराच आढळणारा सिकल सेल या आजारांत तांबड्या पेशी जन्मतःच सदोष बनतात. यांपैकी अनेक रोग्यांना निरोगी मज्जा देऊन बरे करता येते. अमेरिकेतील डोनल थॉमस यांना या कामासाठी १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली.

मज्जारोपणात चिरफाड नसते. रोग्याची सदोष मज्जा औषधांनी किंवा किरणांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूलपेशी रक्तासारख्याच शिरेतून सोडतात. त्या आपण होऊन हाडांत जाऊन वसतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही काळाने रोग्याचा रक्तगटही बदलतो!

अडचण असते ती जुळणाऱ्या दात्याची. पेशींवरील एचएलए नावाच्या खुणा दोघांत जुळाव्या लागतात. आई आणि वडील यांच्याकडून या खुणांचा एकेक संच मिळतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आता निम्म्या जुळणीवरही रोपण करतात. तरी अनेकांना परका दाता शोधावा लागतो आणि तो बहुधा आपल्याच लोकसमूहात सापडतो. म्हणूनच येथील नोंदणी वाढणे गरजेचे आहे.

येथे तो शब्दांचा घोटाळा आडवा येतो. 'कण्यातून मज्जा काढतात, माणूस पांगळा होतो', या भीतीने दाता मागे फिरतो. प्रत्यक्षात कण्याला हातही लावत नाहीत. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि दंडाच्या शिरेतून यंत्राने वेगळ्या करतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात. काही दिवस कंबर दुखते, पण काही आठवड्यांत मज्जा भरून येते.

वाटूरहून मुंबई ४०० किलोमीटरांहून दूर आहे. मात्र दाता म्हणून नाव नोंदवण्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो, आणि तो टपालानेही पाठवता येतो. वय १८ पूर्ण हवे. आज दहावीत असलेली मुले दोन-तीन वर्षांत त्या वयाची होतील. त्याआधी वर्गातील प्रत्येकाला एकदा स्वतःच्या कमरेच्या हाडावर हात ठेवायला सांगा, आणि म्हणा : मज्जा येथेही आहे.